संदेश कोणाचा, दोष कोणाचा?

कोल्हापूरच्या वायव्येस, पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर वसलेल्या जोतिबाच्या चैत्री यात्रेचा दिवस जवळ येऊ लागला, म्हणजे महाराष्ट्रातील आणि कर्नाटकाच्या सीमाभागातील गावोगावी सासनकाठ्या बाहेर निघतात, आणि मुक्काम कोठे करायचा, गुलाल-खोबरे नि दवणा कोणी आणायचा, वर्गणी किती जमली, गाडी कोणाची, याची बोलणी सुरू होतात. पूर्वी ही बोलणी चावडीवर, तालमीत किंवा देवळाच्या ओट्यावर होत. आता ती बहुतांशी मोबाइलवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात होतात. काठीचा ग्रुप, तरुण मंडळाचा ग्रुप, महिला बचत गटाचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा ग्रुप असे गावाचे जवळजवळ सारे सार्वजनिक जीवन या नव्या चावडीवर येऊन बसले आहे, आणि ज्याचा क्रमांक पडद्यावर दिसतो तोच बोलत आहे या एका समजुतीवर तेथील सारा व्यवहार चालतो.

ही समजूत किती कच्ची आहे, हे एखाद्या सकाळी अकस्मात उघडकीस येते. समजा, देवळाच्या पायरीशेजारी नारळ आणि दवणा विकून चरितार्थ चालवणाऱ्या एखाद्या विधवा बाईच्या क्रमांकावरून बचत गटाच्या ग्रुपात पैशांची मागणी झाली, किंवा एखादे अभद्र चित्र पडले, किंवा एखादी फाईल आली आणि ती उघडणाऱ्या दोघींच्या बँकखात्यातील रक्कम नाहीशी झाली. त्यानंतर जे घडते ते महाराष्ट्रातील कोणत्याही गावात सारखेच असते. "ग्रुपातनं काढा तिला आधी," असे कोणी म्हणते, "वापरता येत नाही तर मोबाइल घेतात कशाला," असे दुसरे कोणी म्हणते, आणि तिसरा, जो गप्प राहता तर बरे झाले असते, तो म्हणतो, "तिच्या पोराचीच करणी असणार." खऱ्या चोराचा पत्ता कोणी विचारत नाही, कारण चोर अदृश्य असतो आणि बाई समोर असते.

या लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे, की संदेश ज्या क्रमांकावरून आला तो क्रमांक आणि तो संदेश लिहिणारा माणूस या दोन भिन्न गोष्टी आहेत; त्यांच्यामधील अंतर तंत्रज्ञानाने वाढवले आहे, आणि आपण ते अंतर पुराव्याने भरून काढण्याऐवजी माणसाच्या सामाजिक पायरीवरून भरून काढतो. हे अंतर पडते कसे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

"ग्रुप हॅक झाला" असे आपण म्हणतो, परंतु वस्तुतः ग्रुप फोडला जात नाही. २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपचे सारे संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होऊन घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात, आणि वाटेत ते वाचणे सामान्य चोराच्या आवाक्यातले नाही. म्हणून चोर वाट सोडतो आणि दार गाठतो. शंभर सभासदांपैकी एकाचे खाते त्याच्या हाती आले, की उरलेल्या नव्याण्णवांचा विश्वास त्याला आयता मिळतो. ते एक खाते हाती येण्याच्या रीती मोजक्याच आहेत.

पहिली रीत सहा आकड्यांच्या कोडची. व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनवर सुरू करायचे तर ज्या क्रमांकाचे खाते असेल त्या क्रमांकावर सहा आकड्यांचा कोड एसएमएसने येतो, आणि तो आकडा ज्याच्यापाशी, खाते त्याचे, एवढाच त्या यंत्राचा न्याय आहे. चोर आपल्या फोनवर तुमचा क्रमांक घालतो, आणि कोड तुमच्याकडे आला की तुमच्या ओळखीच्या माणसाच्या, म्हणजे आधीच बळकावलेल्या, खात्यावरून विचारतो, "माझा कोड चुकून तुझ्याकडे आलाय, जरा पाठव." मागणारी मावशी किंवा चुलतभाऊ असतो, म्हणून कोड दिला जातो; आणि अशा रीतीने एका ग्रुपातील खाती एकामागून एक पडत जातात. ज्याचे खाते शेवटी पडले त्याच्यावर रोष धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की त्याला फसवणारा संदेश बहुधा त्याच ग्रुपातील दुसऱ्या कोणाच्या क्रमांकावरून आलेला असतो.

दुसरी रीत जोडलेल्या उपकरणाची. संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप पाहण्याची जी सोय आहे, तिच्या आधारे कोणी क्षणभर तुमचा फोन हाती घेऊन, किंवा भूलथाप देऊन एक कोड तुमच्याकडून भरवून घेऊन, आपले यंत्र तुमच्या खात्यास जोडतो. यात तुमचा फोन बंद पडत नाही, खाते तुटत नाही, आणि सेटिंगमधील जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून पाहिल्याशिवाय तुमच्या नावाने दुसरा कोणी बोलत आहे याचा पत्ता लागणे कठीण असते. तिसरी रीत कॉल वळवण्याची: कुरिअरवाला किंवा मोबाइल कंपनीचा माणूस म्हणून कोणी बोलतो, ताऱ्याचे चिन्ह आणि ४०१ यांनी सुरू होणारा एक क्रमांक फिरवायला लावतो, आणि त्या क्षणापासून तुमचे कॉल त्याच्याकडे जाऊ लागतात, कोड एसएमएसऐवजी बोलत्या कॉलने मागवण्याची सोय असल्यामुळे तोही त्याच्याच कानी पडतो. या फसवणुकी इतक्या वाढल्या, की अशा चिन्हांच्या क्रमांकांनी कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून स्थगित करण्याचा आदेश केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाला मोबाइल कंपन्यांना द्यावा लागला.

चौथी रीत गेल्या काही वर्षांत गावोगावी सर्वांत घातक ठरली. लग्नपत्रिका, पीएम किसान, वाहनाचे चलान, बँकेचे बक्षीस अशा नावांनी एक एपीके फाईल येते. ती पत्रिका नसून प्रोग्राम असतो; तो बसवताना मागितलेल्या परवानग्या दिल्या की तो एसएमएस वाचतो, ओटीपी चोराकडे धाडतो, आणि कित्येकदा मालकाच्या नकळत तीच फाईल त्याच्या सर्व ग्रुपांत पाठवतो. मालक झोपलेला असतो, बाजारात असतो, शेतात असतो. आणि त्याच्या नावाने संदेश फिरत असतात.

याखेरीज एक गोष्ट अशी आहे, की जिच्यात खाते बळकावण्याचीही गरज नसते. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीही आपले नाव आणि छायाचित्र हवे ते ठेवू शकतो. शिवाय ज्या स्क्रीनशॉटला आपण बिनतोड पुरावा समजतो, त्यात दिसणारे नाव हे स्क्रीनशॉट काढणाऱ्याने स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेले नाव असते. कोणत्याही क्रमांकाला त्याने "सखाराम" असे नाव दिले, तर त्या क्रमांकावरून आलेले प्रत्येक वाक्य त्या चित्रात सखारामचे म्हणून दिसेल, आणि खऱ्या सखारामाला त्याची वार्ताही नसेल.

आता फसलेल्या माणसाची अवस्था पाहा. चोराने खाते घेऊन त्यावर आपला गुप्त पिन बसवला असेल, तर मूळ मालकाला नवा कोड मागवून चोराला बाहेर काढता येते खरे, पण पिन ठाऊक नसल्यामुळे स्वतः आत जाण्यासाठी सात दिवस थांबावे लागते. या सात दिवसांत ग्रुपात आरोप होतात, निकाल लागतो आणि अ‍ॅडमिन त्याला काढूनही टाकतो. ज्याच्यावर आरोप आहे तोच एकटा त्या सभेत हजर नसतो. चोराने तोंडावर हात ठेवावा आणि पंचांनी त्याच मौनाला कबुली समजावे, असा हा प्रकार आहे.

हाच प्रसंग मोठ्यांवर आला तेव्हा समाज कसा वागला, याची तुलना उद्बोधक आहे. जुलै २०२० मध्ये अमेरिकेत ट्विटरच्या कर्मचाऱ्यांनाच दूरध्वनीवरून फसवून बराक ओबामा, बिल गेट्स, इलॉन मस्क यांच्यासारख्यांच्या खात्यांवरून लोकांकडे बिटकॉइन मागण्यात आले. १२ डिसेंबर २०२१ रोजी खुद्द पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या ट्विटर खात्यावरून, भारताने बिटकॉइनला कायदेशीर चलन म्हणून मान्यता दिली आहे, असा खोटा मजकूर काही काळ प्रसिद्ध झाला. ११ ऑगस्ट २०२४ रोजी खासदार सुप्रिया सुळे यांनी आपला फोन व व्हॉट्सअ‍ॅप हॅक झाल्याचे जाहीर केले आणि पोलिसांकडे तक्रार दिली. यांपैकी कोणालाही समाजाने "हे तुमचेच कृत्य" असे म्हटले नाही, आणि ते योग्यच झाले. खाते चोरीस गेले ही गोष्ट प्रत्येकाने तत्क्षणी मानली. मग दवणा विकणाऱ्या बाईच्या तोंडचे तेच वाक्य आपण का मानत नाही? ज्यांच्यापाशी सल्लागार, सुरक्षाव्यवस्था आणि पोलीस यंत्रणा आहे त्यांची खाती जर जातात, तर जिला फोनची भाषा धड वाचता येत नाही तिचे खाते जाणे हे अधिक स्वाभाविक नाही काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत असे आढळले, की देशात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर स्त्रियांचे सुमारे ३३ टक्के आहे, आणि स्वतः वापरता येईल असा मोबाइल जेमतेम ५४ टक्के स्त्रियांपाशी आहे. याचा अर्थ असा, की लक्षावधी घरांत फोन एकाच्या नावावर असतो, दुसरा तो वापरतो आणि तिसरा त्याचे सेटिंग करून देतो. अशा घरातील क्रमांकावरून एका विशिष्ट व्यक्तीचा दोष ठरवणे मुळातच धाडसाचे आहे. वृद्ध, अल्पशिक्षित स्त्रिया, परगावाहून ऊसतोडीला किंवा मजुरीला आलेली कुटुंबे, गावात संख्येने थोडे असलेले जाति-धर्माचे लोक, यांची खाती सहज जातात, आणि गेल्यावर त्यांच्या बाजूने बोलणाराही सहज मिळत नाही. असे दुर्बलतेचे दुहेरी ओझे त्यांच्यावर पडते.

हे ओझे केवळ अपमानापुरते राहत नाही. २ जून २०१४ रोजी, फेसबुकवर शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फिरल्यामुळे पुण्यात प्रक्षोभ उसळला असता, हडपसर येथे मूळच्या सोलापूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला जमावाने ठार मारले. त्या चित्रांशी त्याचा कसलाही संबंध नव्हता, तो केवळ वेशावरून ओळखला गेला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना, मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरील अफवांनी पेटलेल्या जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने फॉरवर्ड केलेल्या संदेशावर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पाठवण्यास बंदी घातली. खुद्द कोल्हापुरात ७ जून २०२३ रोजी काही जणांच्या स्टेटसवरून बंद, दगडफेक आणि लाठीमार होऊन इंटरनेट बंद ठेवण्याची पाळी आली, आणि ज्यांनी कोणताही स्टेटस ठेवला नव्हता अशांच्याही मालमत्तेची नासधूस झाली. या तिन्ही ठिकाणी मजकुराचा उगम शोधण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. जो हाताशी होता आणि ज्याला पाठीराखा नव्हता, त्याच्याकडून वसुली झाली.

यंत्र सांगते ते खरे आणि गरीब माणूस सांगतो ते खोटे, ही वृत्ती केवळ अडाणी जमावाची असते असे मानू नये. ब्रिटनमध्ये १९९९ पासून टपाल खात्याच्या दुकानांत होरायझन नावाची संगणकप्रणाली बसवण्यात आली. तिच्या हिशेबात तूट दिसू लागली, आणि ती तूट म्हणजे अपहार असे समजून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोकांना दोषी ठरवण्यात आले, ज्यांत भारतीय वंशाचे दुकानदारही पुष्कळ होते. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांची घरे विकली गेली, काहींनी जीव दिला. प्रणाली सदोष होती, इतकेच नव्हे तर ती बनवणाऱ्या कंपनीचे कर्मचारी दुकानदाराच्या नकळत दुरून त्याच्या हिशेबात फेरफार करू शकत होते, हे २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात सिद्ध झाले. आणि मे २०२४ मध्ये पार्लमेंटला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. विद्वान न्यायाधीशांच्या देशात जे घडले, ते आपल्या ग्रुपात घडणार नाही असे कोणत्या बळावर म्हणावे?

वास्तविक मजकूर कोणाचा हे पारखून घेण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. मराठेशाहीतील पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब उमटवण्याची जी वहिवाट होती, तिच्यामागे हेतू हाच होता, की पत्र पुरे झाल्यावर कोणा लबाडाने खाली चार ओळी वाढवू नयेत. वतनाचा तंटा निघाला, तर दोन्ही पक्षांचे राजीनामे (निवाडा मान्य करण्याची लेखी कबुली) आणि जामीन घेतले जात, प्रत्येकाची तकरीर (जबानी) लिहून घेतली जाई, करीने (वादाच्या लेखी हकिकती) तपासले जात, गोताची साक्ष होई, आणि मग महजर (सभेचे निवाडपत्र) होऊन निवाडा मिळे. त्या पद्धतीत दिव्य करायला लावण्यासारखे दोषही होते आणि जातीची विषमता तर उघडच होती. तथापि, ज्याच्यावर आरोप आहे त्याची तकरीर ऐकल्यावाचून महजर करणे हे त्या काळच्या पंचांनाही गैर वाटे. आज अ‍ॅडमिनचे बोट एका क्षणात जो निवाडा देते, त्यात तेवढीही सुनावणी नसते.

आजचा कायदाही क्रमांकालाच गुन्हेगार मानत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ६६ क नुसार दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळखीची खूण लबाडीने वापरणे आणि ६६ ड नुसार दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकसाधनाने फसवणे, या दोन्ही गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. म्हणजे ज्याचे खाते गेले तो कायद्याच्या दृष्टीने फिर्यादी ठरतो. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी असा निर्णय दिला, की समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत असल्याशिवाय सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. जी सवलत अ‍ॅडमिनला न्यायाने मिळाली, तिच्यामागचे तत्त्व, म्हणजे दुसऱ्याच्या कृत्याबद्दल शिक्षा नको हे, अ‍ॅडमिनने आपल्या सभासदालाही लागू करावे ही अपेक्षा अवाजवी नाही. स्क्रीनशॉटविषयी म्हणावे, तर जालना मतदारसंघाच्या निवडणुकीच्या वादातून उद्भवलेल्या खोतकर–गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले, की मूळ उपकरण हजर केलेले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत विहित प्रमाणपत्रावाचून पुराव्यात घेता येत नाही. न्यायालय जिथे प्रमाणपत्र मागते, तिथे गाव एका चित्रावर भागवते. आणि गोष्ट ग्रुपमधून काढण्यापुरती न थांबता समाजाने त्या कुटुंबाशी व्यवहार तोडण्यापर्यंत गेली, तर ३ जुलै २०१७ पासून महाराष्ट्रात अमलात असलेला सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा तो गुन्हा मानतो, हेही पंच म्हणवणाऱ्यांनी विसरू नये.

कोल्हापूरच्या माणसाला तर या बाबतीत स्वतःच्या इतिहासातच आदर्श आहे. इंग्रजी राजवटीने १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते. चोरी कोणीही करो, संशय प्रथम त्यांच्या वस्तीवर जाई, आणि त्यांनी पोलिसांपुढे नित्य हजेरी द्यावी असा जाच होता. तो कायदा सर्व देशातून जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. परंतु कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी ही हजेरी १९१८ मध्येच बंद केली, आणि ज्यांच्याकडे चोर म्हणून पाहिले जाई त्या फासेपारध्यांना राहण्यास जागा आणि हातास काम दिले. गुन्हा माणसाच्या कृत्यावरून ठरतो, त्याच्या वस्तीवरून ठरत नाही, हा धडा ज्या संस्थानाने स्वातंत्र्यापूर्वी घालून दिला, त्या भूमीत मोबाइलच्या पडद्यावर ती हजेरी पुन्हा सुरू होऊ देणे हे आपल्याला शोभणारे नाही.

तेव्हा करायचे काय, ते थोडक्यात सांगतो. विपरीत संदेश दिसताच प्रथम त्या माणसाला साधा फोन करावा किंवा त्याच्या दारी जावे. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारू नये, कारण तेथे उत्तर चोर देईल. ते खाते ग्रुपमधून तात्पुरते दूर करणे आवश्यकच असते, परंतु त्याच वेळी अ‍ॅडमिनने ग्रुपात लिहावे, की "यांचे खाते चोरीस गेल्याचा संशय आहे, ही फाईल उघडू नका, पैसे पाठवू नका, यांना दोष देऊ नका." नंतर फसलेल्या माणसाजवळ बसून व्हॉट्सअ‍ॅप नव्या कोडने पुन्हा सुरू करून द्यावे, जोडलेल्या उपकरणांची यादी रिकामी करावी, ##००२# फिरवून वळवलेले कॉल बंद करावेत, संशयास्पद एपीके काढून टाकावी, आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा आकडी पिन बसवावा. पैसे गेले असतील तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढे सरकण्यापूर्वी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते. आणि तक्रार फसलेल्याच्याच नावे नोंदवावी, म्हणजे तो आरोपी नसून पीडित आहे याची दप्तरी नोंद राहील. खाते परत आल्यावर त्याला ज्या ग्रुपातून काढले, त्याच ग्रुपात सर्वांसमक्ष परत घ्यावे.

या शेवटच्या गोष्टीला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. गेलेले पैसे काही वेळा मिळतात, काही वेळा मिळत नाहीत; परंतु चारचौघांत गेलेली अब्रू चारचौघांनीच परत द्यावी लागते, आणि ती देण्यास कोणत्याही पोलिसाची किंवा तंत्रज्ञाची गरज नसते. वाचकांपैकी जे कोणी एखाद्या ग्रुपाचे अ‍ॅडमिन असतील त्यांना माझी विनंती आहे, की आजवर असा कोणी सभासद आपण सुनावणीवाचून काढला असेल, तर आजच त्याच्या घरी जावे, त्याचे म्हणणे ऐकावे, आणि तो निर्दोष असेल तर ते ग्रुपात स्पष्ट शब्दांत लिहावे.